तळाला सोडलेले कप

जहाजावर किस्से साठतात, कारण तिथून कुणाला उठून घरी जाता येत नाही. ऑफिसात माणूस संध्याकाळी सुटतो आणि गोष्ट अर्धीच राहते. आमच्याकडे तीच गोष्ट दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पुन्हा समोर येऊन बसते!

खोल समुद्राच्या तळाची माती वर काढणं, हे आमचं काम. उपकरणं सांभाळायला मी, केबल सोडायचा-ओढायचा विंच चालवायला सावंतवाडीकडचा भिकू आणि आम्हा सगळ्यांवर डिचोलीचे कामतसर. सर भूशास्त्राचे, पण जीव माणसांच्या बोलीत अडकलेला.

माझी बायको वसुधा गेली, त्यानंतरची ही पहिली फेरी. माझं बोलणं जवळपास बंद झालं होतं आणि डेकवर न बोलणारा माणूस धोक्याचा. सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "शशी, ही फेरी जमली तर समुद्र. ना जाल्यार ऑफिसात खुर्ची आसा."

खुर्ची म्हणजे रोज संध्याकाळी पेडण्यातल्या त्या घरी परत.

*

निघण्याआधी धारगळला ताईकडे गेलो. तिचे सासरे पडवीत बसलेले.

"समुद्राच्या बुडाक काय असता रे?"

"काळोख."

"आणि?"

"चिखल."

त्यांनी अंगणापलीकडे नजर टाकली. मग म्हणाले, "चिखल तर आमच्या शेतात आसा! इतक्या लांब कित्याक जातंस?"

*

जेवणाच्या टेबलावर सरांचा कायदा होता. इंग्रजी बंद! ज्यानं त्यानं आपापल्या घरच्या भाषेत बोलायचं. केमिस्ट्रीचे सेन बंगालीत, भिकू मालवणीत, सर कोंकणीत. समोरच्याला कळलं नाही की प्रत्येक जण आवाज चढवायचा. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकी धावत आला, "सर, भांडण झालं का?"

"न्हय रे, सेन माशाचं कौतुक करतायत!"

मी काहीच बोलत नव्हतो. सरांनी निकाल दिला, "गप्प बसणं ही कुणाचीच घरची भाषा न्हय. दंड!"

"तेंका कांदे सोलूक द्या, सर," भिकू म्हणाला. "रडाक निमित्त तरी मेळात!"

भिकूनं जीभ चावली. मी उठलो आणि कांदे सोलले. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

*

एकदा मातीबरोबर एक प्राणी वर आला. फिकट, लिबलिबीत, डोळे नसलेला. शास्त्रीय नाव सेनना माहीत होतं, पण सरांना आपल्या भाषेतलं हवं होतं. ट्रेभोवती सगळे जमले. कुणी सुचवलं 'गोळकं', कुणी 'आंधळी काकडी'. सर प्रत्येक नाव जिभेवर घोळवून बघत होते.

शेवटी भिकूला विचारलं. त्यानं वाकून पाहिलं.

"ह्येका नाव कित्याक, सर? थंय खाली ह्येका हाक कोण मारतलो?"

त्या प्राण्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. मी ट्रे धुऊन ठेवला.

*

खोल पाण्यात काम करणाऱ्यांची एक रीत आहे. थर्माकोलच्या कपांवर काहीतरी लिहायचं, जाळीच्या पिशवीत घालून यंत्राला बांधायचं आणि तळाला सोडायचं. वरच्या पाण्याच्या दाबानं कप आकसतो, अंगठ्याएवढा होऊन परत येतो. अक्षरंसुद्धा तेवढीच बारीक होतात. घरच्यांना भेट म्हणून न्यायला बरा!

फेरीच्या शेवटच्या दुपारी सरांनी कप वाटले. "आपापल्या भाषेत हां!" सेननी मुलीला दोन ओळी लिहिल्या. मी वसुधाचं नाव लिहायला पेन टेकवलं. पण बंदरातून फोन लागला की इतकी वर्षं जे पहिलं विचारायचो, तेच हातून उतरलं.

'जेवलीस?'

पिशवी बांधताना भिकूनं एकेक कप फिरवून पाहिला. "ह्यो कोणाचो?"

त्यानं कप वर धरला.

"माझा," मी म्हणालो.

त्यानं तो इतर कपांच्या मधोमध ठेवला आणि गाठ मारली. यंत्र खाली गेलं. भिकू डेकवर विंचपाशी होता, आम्ही आकडे बघत लॅबमध्ये बसलो. तळ लागला की तिथे रेंगाळायचं नसतं, केबल अडकते. सरांनी स्पीकरचं बटण दाबलं.

"भिकू, तळ लागलो. वयर घे."

विंच हलला नाही.

"भिकू, आयकता न्हय रे? वयर घे!"

स्पीकर जरा खरखरला.

"वायच थांबा, सर. ती जेवता हा."