मशीनअक्कांनी प्लग का ओढला

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. सोनपेठच्या कुणी माणसानं मशीनअक्कांचं नाव काढलं, की मी चष्मा पुसायला घेई किंवा यंदा सोयाबीन कसं आहे ते विचारी. परवा एका जुन्या सहकाऱ्याला म्हणालो, की आता लिहितोय. तो म्हणाला, "सर, झालंगेलं उकरून काय मिळायलंय?" मिळायचं काहीच नाही. पण गावात अजूनही सांगतात, की शाळेचा कॉम्प्युटर अक्कांनी मारला. हे खोटं आहे आणि ते माझं आहे. ज्यांना वाईट वाटायचं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

अक्का कुठल्याही कॉम्प्युटरपुढे बसल्या की आधी दोन्ही हात पदराखाली घेत आणि मालकाला विचारीत, "शेवटचा हात कोणाचा लागला?" खरं उत्तर मिळेपर्यंत त्या पेचकस उचलत नसत. कुणी म्हणालं, "आपोआपच बंद पडला हो," तर म्हणत, "आपोआप फक्त केस पांढरे होतात. नीट आठवा." मग माणूस डोकं खाजवत कबूल करी, की मेहुण्यानं काहीतरी दाबलं होतं.

त्यांचं घर लिंगायत. वडील शिलाई मशीनची दुरुस्ती करायचे, म्हणून अक्काही मशीनअक्का. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा परत आल्या, ते रडत नव्हे; दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात बसल्या. पुढे एसटीनं परभणीला ये-जा करून कॉम्प्युटर शिकल्या. एस. टी. स्टँडसमोर त्यांचं ते बारकं दुकान, अर्ध्या भागात शिलाई मशीन, अर्ध्यात उघडी पडलेली कॅबिनेट. बाजारच्या दिवशी एकजण मोठ्यानं म्हणाला होता, "बाईच्या हाती डबा दिला, आता आतून भाकरी निघंल." अक्कांनी मान वर न करता सांगितलं, "निघाली तर पहिली तुमाला वाढते. लय दिवसांचे उपाशी दिसायलात."

त्यांची हुशारी मी पहिल्यांदा पाहिली ती एका आडत व्यापाऱ्याकडे. नव्या कॉम्प्युटरवर विंडोज टाकायला घेतलं, तर पडद्यावर हार्ड डिस्कच दिसेना. पुण्याच्या जावयानं फोनवरून निकाल दिला, की डिस्क मेली, नवी घ्या. अक्कांनी वायर पाहिल्या, विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या बायोसच्या निळ्या पडद्यावर पाहिलं. तिथं डिस्क होती. मग त्या म्हणाल्या, "जिवंत हाय. पण ही सीडी जुनी अन् मशीन नवं. वळख न्हाई दोघांची." पेनड्राइव्हमधून त्यांनी दोघांची ओळख करून देणारा ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, दिला आणि यादीत डिस्क उभी राहिली. व्यापारी खूश होऊन म्हणाला, "दाबा आता पुढं!" अक्कांनी माउसवरचा हात काढला. "डिस्क दिसली की घाई सुटती, तिथंच माणूस फसतो. आत काही ठेवलेलं हाय का, आधी ते सांगा."

हे वाक्य माझ्या कानांनी ऐकलेलं होतं. तरीही पुढचं घडलं.

मी तेव्हा सोनपेठच्या एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. खंडेनवमीला आमच्याकडे पुस्तकांबरोबर हत्यारांची, यंत्रांचीही पूजा होते. त्या वर्षी मला हुक्की आली, की कॉम्प्युटरची पूजा नुसती वरून कशाला? मी कॅबिनेट उघडलं, वायर काढून धूळ पुसली, आत हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि वायर जमतील तशा खोचल्या. दसऱ्यानंतर शाळा उघडली तर पडदा उजळे, पण विंडोज सुरू होईना. मी विंडोज बिघडलं असं ठरवलं आणि पुतण्यानं दिलेल्या पेनड्राइव्हवरून नवं टाकायला बसलो. डिस्क दिसेना, म्हणून बायोसमध्ये शिरून दोन-तीन गोष्टी बदलूनही पाहिल्या. शेवटी अक्कांना बोलावलं.

"शेवटचा हात कोणाचा?"

"कोणाचाच नाही," मी म्हणालो.

अक्कांनी कॅबिनेटमधला कुंकवाचा सडा पाहिला. डिस्कच्या वायरच्या तोंडातून सुईनं तांदळाची कणी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "सर, देवाला नैवेद्य दाखवायचा असतो. त्याच्या नरड्यात कोंबायचा नसतो." मग बायोस उघडून त्यांनी डिस्कची सेटिंग पूर्ववत केली. यादीत डिस्क आली.

त्या डिस्कवर काय होतं ते सांगायला हवं. शाळेच्या जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली होती. पानं गळायच्या आत आमच्या लिपिकानं चार वर्षं बसून सगळी नावं, जन्मतारखा, दाखल्यांच्या नोंदी त्यात भरल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. अक्का म्हणाल्या, "आधी हे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेते, मग पुढचं. दुकानातून डिस्क घेऊन येते. तोवर हात लावू नका."

दुपारी संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन येणार होते. पाहुण्यांपुढे बंद कॉम्प्युटर नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पेनड्राइव्ह तसाच खोचलेला होता आणि नव्या विंडोजच्या यादीत डिस्क दिसत होती. मला वाटलं, एवढं तर आपल्यालाही येतं. जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही, असं पुतण्या म्हणाला होता. मी डिलीट दाबलं. खात्री आहे का, असं मशीननं विचारलं. मी हो म्हटलं आणि पुढे गेलो.

अक्का डिस्क घेऊन दारात आल्या तेव्हा पडद्यावर टक्के चढत होते. "काय केलंत सर!" म्हणत त्या धावल्या आणि त्यांनी भिंतीतला प्लग ओढला. डिस्कवर नवं जितकं कमी लिहिलं जाईल, तितकी जुनं परत मिळण्याची आशा, हे त्यांना कळत होतं. नेमके त्याच क्षणी अध्यक्ष पाहुण्यांसह आत आले. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की चालत्या कॉम्प्युटरचा प्लग अक्कांच्या हातात आहे.

"हे काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "बाईंनी सगळं उडवलं, साहेब."

वाक्य इतक्या सहज निघालं, की मलाच आश्चर्य वाटलं.

अक्का तेव्हाही म्हणत होत्या, "भांडण मागून करा. डिस्क माझ्याकडं द्या, थोडंफार परत काढते." अध्यक्षांनी डिस्क दिली नाही. आठवड्यानं बैठक बसली. अक्कांनी माफीनामा लिहून द्यावा, मग शाळेचं काम त्यांच्याकडेच ठेवू, असं ठरलं. कागद, पेन पुढे सरकवलं गेलं. अक्कांनी पेनाला टोपण लावलं.

"चूक माझी असती तर कागद मागायची पाळी तुमच्यावर आली नसती. दुसऱ्याच्या चुकीखाली मी सही करत न्हाई. काम बंद करायचं तर करा."

"एवढी मिजास?" अध्यक्ष म्हणाले.

"मिजास न्हाई साहेब. नाव हाय माझं, वडिलांच्या पाटीवर."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या मागे गेलो आणि पुटपुटलो, की उपकार झाले, तुम्ही माझं नाव घेतलं नाही. त्या थांबल्या. "तुमच्यावर दया केली असं समजू नका. मी सांगितलं असतं तर कोणी ऐकलं असतं? हे तुमच्याच तोंडून निघाया पाहिजे. मी कुठं जात न्हाई, दुकानातच हाय."

शाळेचं काम गेलं. मग दुसऱ्या शाळांचं, पतसंस्थेचं गेलं. लोकांनी सुचवलं, की परभणीला दुकान टाका, तिथं कोण ओळखतंय. अक्का म्हणाल्या, "पळाले तर खरंच वाटंल लोकायला." पुन्हा शिलाई मशीनं जास्त यायला लागली, कॉम्प्युटर कमी. पण शटर रोज त्याच वेळी वर जायचं, आणि शाळेच्या शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ते जाता-येता दिसायचं.

मी मानानं निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, भाषणं. परभणीला राहायला आलो. तिथून दोनदा एसटीनं सोनपेठला गेलो, याच कामासाठी. पहिल्यांदा दुकानात चार माणसं होती, मी रस्त्यावरूनच वळलो. दुसऱ्यांदा अक्का एकट्याच होत्या.

"या सर. काय काम काढलंत?"

"पेनड्राइव्ह हवा होता."

त्यांनी कपाटातून काढून दिला. दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "आणखी काही?"

"नाही," मी म्हणालो.

यंदा उन्हाळ्यात तिसऱ्यांदा गेलो. शेजारच्या किराणावाल्यानं सांगितलं, की अक्कांना जाऊन महिना झाला. जाताना सगळ्या रस्त्यात मी जे वाक्य पाठ करत होतो, ते त्याच्यासमोर तोंडातच राहिलं. ते असं होतं: अक्का, डिलीट मी दाबलं होतं, तुम्ही वाचवायला धावला होतात, आणि हे मी आता अध्यक्षांच्या घरी जाऊन सांगणार आहे, तुम्ही सोबत चला.