चिमणाबाईंनी जपलेला केर

हुपरीच्या चिमणाबाई तीस वर्षं घरातल्या कारखान्यात पैंजणांना घुंगरं जोडत होत्या. नवरा गेला, जोडायचं काम मशीनवर गेलं, तेव्हा त्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागल्या. सकाळच्या एसटीनं येतात. मी साक्षी, तिथंच पीएचडी करते. माझं तोंड तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा विषय खोल समुद्रातल्या गोगलगायी. कोल्हापुरात समुद्र कुठला, म्हणून घरचे अजून चिडवतात. माझे गाईड विश्वजित सर, त्यांना एका संशोधन जहाजावरून चिखलाची एकच बरणी मिळालेली, दीड हजार मीटर खालची, स्पिरिटमध्ये ठेवलेली. त्यातल्या वाटाण्याएवढ्या गोगलगायींची पिल्लं होतात कशी, एवढंच मला शोधायचं होतं. अळी होऊन पाण्यात पोहत जातात, की अंड्यांच्या पिशवीतच शंखासकट तयार होऊन बाहेर सरपटतात? त्यासाठी अंडी पाहिजेत, आणि तीच सापडत नव्हती. तीन वर्षं गेलेली, मुदत संपत आलेली.

चिखलातून शंख निवडायचं काम चिमणाबाईंचं, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्या मोहरीएवढा दाणासुद्धा अलगद उचलायच्या. एकदा मी पन्नास शंख त्यांच्यापुढं ठेवले, साफ करून ठेवा म्हटलं आणि चहाला गेले.

आठवड्यानं ते शंख भिंगाखाली घेतले. सगळे चकचकीत! पण नऊ शंखांवर गोल गोल वण. खाली सगळा मऊ चिखल, अंडी चिकटवायला टणक जागा मिळत नाही, म्हणून काही गोगलगायी दुसरीच्या शंखावरच अंड्यांच्या पिशव्या डकवतात. हे मी वाचलेलं होतं, मावशींना सांगितलेलं नव्हतं. त्यांना ती घाण वाटली आणि त्यांनी ती सुईनं खरवडून काढली होती.

मग काय, माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. तेवढ्यावर भागलं नाही. यांना कामावरून काढा, असा अर्ज तिथल्या तिथं खरडला आणि सरांच्या टेबलावर ठेवून आले. ते खरवडलेलं टाकलं कुठं, म्हणून मी मावशींवर ओरडलेच.

"टाकीन कशाला?" त्या म्हणाल्या. "आमच्यात केर टाकत न्हाईत."

त्यांनी कपाटातून चपलांचा खोका काढला. हुपरीत कारखान्याचा केर जपून ठेवतात, कारण त्यात चांदीचा कीस असतो. ज्या शेठची चांदी, त्याचा केर वेगळा. मावशींचा हात त्याच वळणाचा. खोक्यात इंजेक्शनच्या नऊ बाटल्या, प्रत्येकीवर शंखाचा नंबर. सुकून उडू नये म्हणून आत थोडं स्पिरिटही घातलेलं.

पहिली बाटली बशीत ओतली. पिशवी फाटली होती, पण आत चार पिल्लं होती, प्रत्येकाच्या अंगावर दीड वेढ्याचा आख्खा शंख. पोहायच्या अवयवाचा पत्ता नाही. बाहेर पडायचं आणि थेट चिखलावर सरपटायचं, एवढी त्यांची तयारी झालेली. माझं उत्तर मिळालं. मी रडले, खोटं कशाला सांगू?

मग अर्ज आठवला. पळत सरांकडं गेले. त्यांनी तो नुकताच ऑफिसात पाठवलेला. क्लार्कच्या हातापाया पडून परत आणला आणि सरांना सांगितलं, की चूक माझी, साफ करायचं म्हणजे काय करायचं हे मी सांगितलंच नव्हतं. मला नाही, त्यांना सांग, एवढंच सर बोलले.

मावशींसमोर अर्ज फाडला. चुकलं माझं, म्हणाले. त्यांनी टेबलावरचे कागदाचे तुकडे एकेक करून वेचले आणि खोक्यात टाकले.

"माल कुठला आन् केर कुठला, ते आधी सांगत जा की, पोरी."

मी स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसले, भिंग त्यांच्याकडं वळवलं आणि पहिल्या शंखापासून सांगायला लागले.