आधी समोरच्याची वकिली

नव्या कंपनीतल्या पहिल्याच सकाळी मी नानांच्या जागेवर बसलो. पिंपळे सौदागरला कंपनीची बस आली, तिसऱ्या रांगेतली खिडकी रिकामी दिसली आणि सहप्रवाशांच्या दिलदारपणाचं मनातल्या मनात कौतुक करत मी ऐसपैस पसरलो. कंपनीच्या बसमध्ये प्रत्येक जागेला वर्षानुवर्षांचा मालक असतो, मग तो चढेपर्यंत ती रिकामी जाईना का, हे मला भोसरीला कळलं. नाना चढले आणि झोपलेली सगळी बस मजा बघायला जागी झाली.

"बसा, बसा," नाना म्हणाले. "नवा माणूस, रिकामी खिडकी. तुमच्या जागी असतो तर मीबी बसलो असतो. चूक ह्या झोपेचं सोंग घेणाऱ्यांची हाय. झाली तुमची वकिली. आता माझी करा. मला हीच खिडकी का पाहिजे?"

मी खूप विचार करून विचारलं, "तुम्हाला गाडीत उलटी होते का?"

बस खदखदून हसली. नानाही हसले. "मोशीच्या पुढं आमचं शेत होतं. आता गोदाम हाय. बांधावरचा आंबा तेवढा राहिलाय. त्याला रोज बघितलं की बरं वाटतं."

मी निमूट उठलो.

नाना तपासणी विभागात होते, पण त्यांचं खरं खातं बसमध्ये चालायचं. कुणीही तक्रार घेऊन आला की ठरलेलं वाक्य: "आधी समोरच्याची वकिली. तो 'व्हय, हेच म्हणायचं होतं' म्हणाला, की मग आपलं तोंड उघडायचं. मनालाबी रोज जोर-बैठका लागत्यात, राव." स्वतः नाना साहेबांपासून कटकट्या शेजाऱ्यापर्यंत कुणाचीही बाजू मांडायचे. अडायचे ते फक्त मेव्हण्यापाशी. "त्याला बाजूच न्हाई!"

पुढं माझ्याच घरात कोर्ट उभं राहिलं. माझी लेक मुक्ता इंजिनीअर झाली. तिनं हिंजवडीत एसीत बसावं, ही माझी इच्छा. तिनं निवडली चाकणची नोकरी. यंत्रांमध्ये उभं राहायचं, वर रात्रपाळी. मी 'नाही' म्हणून मोकळा झालो. मग घरात अबोला. "बाबांना मीठ हवंय का विचार," असे निरोप बायकोमार्फत येऊ लागले. कंपनीला उत्तर सोमवारी द्यायचं होतं.

शुक्रवारी मी बसमध्ये रडगाणं सुरू केलं. नाना म्हणाले, "मी बाप. तुमी मुक्ता. बोला."

चाकणच्या चौकात बस नेहमीप्रमाणे तुंबली होती, त्यामुळे वेळ भरपूर. मी असा काही भडकलो की विचारू नका! "मुलींनी काय फक्त खुर्चीतच बसायचं? तुम्ही पाळ्या केल्यात ना, बाबा?" मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. मी विजयी मुद्रेनं नानांकडे पाहिलं.

"भाषण झ्याक," नाना म्हणाले. "पण ह्यात पोरगी कुठं हाय? तिला भ्या कशाचं वाटतंय, ते आलंच न्हाई. जाऊन विचारा."

संध्याकाळी घरी गेलो आणि मिठाचा निरोप न पाठवता थेट विचारलं. मुक्ता म्हणाली, "रात्रपाळीची नाही वाटत भीती. नाही जमलं तर घरी परत यावं लागेल. तेव्हा तुम्ही 'मी म्हणत नव्हतो?' म्हणाल, त्याची वाटते."

मी म्हणालो, "म्हणजे पडायची भीती नाही, पडल्यावर बाप हसेल याची आहे."

"हो बाबा. हेच."

सोमवारी तिनं होकार कळवला. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन ती भोसरीच्या थांब्यावर नानांना गाठायला स्वतः गेली.

परवा नाना निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी मला खिडकीशी बसवून म्हणाले, "आंब्यावर ध्यान ठिवा. आणि काल मेव्हण्याकडं जाऊन आलो. अर्धी बाजू हाय त्याला. निघाली!" सगळी बस हसत होती आणि डोळे पुसत होती.

त्या भरात मी घरी आलो आणि बायकोला समोर बसवून तिची वकिली केली. तिचे कष्ट, तिचं मन मारणं, तिची न बोललेली स्वप्नं. शेवटी टाळीच्या अपेक्षेनं तिच्याकडे पाहिलं.

तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वकील छान आहे हो. फक्त अशिलाला एकदाही भेटलेला नाही. बसा, चहा टाकते. मग विचारा."