झगमगरावांचे उसने डोळे

बाजारात त्यांचं खरं नाव कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारायच्या भानगडीतही पडलं नव्हतं. ज्या दुकानात शिडी लावतील ते दुकान उजळून टाकतील, म्हणून कोणीतरी त्यांना एकदा झगमगराव म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. चपलांच्या दुकानापासून दातांच्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे त्यांचे दिवे होते. दिवा कुठे लावला की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर तिरीप येणार नाही, किती कलवला की काउंटरवर आपलीच सावली पडणार नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. मात्र बोलायला लागले की ते या कशाबद्दलच बोलत नसत. ते बोलत रंगाबद्दल.

"उजेड काय, काजवापण देतो," ते म्हणायचे. "मी रंग देतो! सूर्याला शंभरपैकी शंभर मार्क. साध्या एलईडीला ऐंशी. ऐंशी म्हणजे मुलगा वाईट नाही, पण नेमका लाल रंगाच्या पेपरात आपटतो. त्याच्याखाली टोमॅटो ठेवा, आजारी दिसेल. माझा दिवा पंच्याण्णवच्या खाली नाही, आणि लाल रंगात तर वर्गात पहिला."

हे सगळं खरं होतं. गंमत एवढीच, की लाल कोणता आणि हिरवा कोणता हे खुद्द झगमगरावांना कळत नव्हतं.

जन्मापासूनचं होतं ते. मरून, चॉकलेटी, शेवाळी ही त्यांच्या लेखी एकाच घरातली भावंडं, तीही जुळी. शाळेत असताना त्यांनी झाडाला लालभडक पानं रंगवली होती, आणि बाईंनी कल्पनाशक्ती अफाट आहे म्हणून पाठ थोपटली होती. पुढे वायरिंगचं काम शिकले तेव्हा रंगावरून वायर ओळखायची सोय नव्हती, म्हणून टेस्टर लावल्याशिवाय आणि मालकाला विचारून घेतल्याशिवाय ते वायरीला बोटही लावत नसत. लोक म्हणत, काय जपून काम करणारा माणूस आहे! झगमगराव मान खाली घालून ती स्तुती गिळत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रंगीत कामं मिळायला लागली तेव्हा मात्र मूठ झाकून भागेना. मग त्यांनी युक्ती काढली. काम संपत आलं की बायको डबा घेऊन येई. ती दारात आली की हे शिडीवरूनच विचारत, "बघ बरं, कसं दिसतंय? नीट बघून सांग हं." आवाज असा, जणू तोंडी परीक्षा घेतायत. ती डबा ठेवी, चारी बाजूंना नजर फिरवी आणि म्हणे, "सगळं छान, पण तो कोपऱ्यातला दिवा जरा मेल्यासारखा वाटतो." "शाबास," हे म्हणत, "मीही तेच बघत होतो." आणि कोपऱ्यातला दिवा बदलत. बायकोला काही कळत नाही, या आनंदात त्यांची कित्येक वर्षं सुखात गेली. बिचारे!

अशात लोकरवाल्या बाईंचं काम आलं.

लोकरवाल्या बाईंचं दुकान म्हणजे छतापर्यंत लाकडी खण, आणि खणाखणांत लोकरीचे गुंडे. नुसत्या लालच्याच इतक्या छटा, की झगमगराव पहिल्यांदा आत शिरले तेव्हा उंबऱ्याशीच थबकले. तिथल्या गिऱ्हाइकांची एक सवय होती. गुंडा आवडला की तो घेऊन सगळी दाराशी जात, रस्त्यावरच्या उन्हात धरून बघत आणि मग घ्यायचा की नाही ते ठरवत. दारात कायम गर्दी. एकदा एक बाई गुंडा बघता बघता ओळखीच्या कोणाशी बोलत चौकापर्यंत पोचल्या होत्या, आणि लोकरीचं टोक दुकानातच होतं.

"मला दुसरं काही नको," लोकरवाल्या बाई म्हणाल्या. "माझं गिऱ्हाईक दाराशी जायचं थांबलं पाहिजे. तुमच्या दिव्यात दिसेल तोच रंग घरी गेल्यावर दिसला पाहिजे. जमेल?"

"जमेल म्हणजे काय!" झगमगराव म्हणाले. सगळ्या गल्लीचं लक्ष त्या दुकानाकडे होतं. हे साधलं तर पुढची कामं आपल्या पायांनी चालत येणार होती, आणि फसलं तर रंग न दिसणारा रंगारी म्हणून हसं होणार होतं.

काम निम्म्यावर आलं आणि बायकोच्या बहिणीला जुळी झाली. बायको बॅग भरून तिकडे गेली. झगमगराव शिडीवर एकटे राहिले.

उजवी भिंत उत्तम झाली. डाव्या भिंतीला थोडे दिवे कमी पडले. त्यांच्या थैलीत जुने उरलेले काही होते. ते आपले नेहमीचेच, अशा समजुतीने त्यांनी ते बसवले. खरं तर एका कार्यालयाच्या जिन्यासाठी आणलेले ते साधे दिवे होते. घडण तीच, उजेड तेवढाच, पिवळेपणाही तसाच. कोणीही दिवा लावल्या लावल्या म्हणालं असतं की इथला लाल मेला. झगमगरावांनी लावला, कलता केला, सावली बघितली आणि खूश झाले. तरी खबरदारी म्हणून बायकोला व्हिडिओ कॉल केला आणि फोन सगळ्या भिंतींवरून फिरवला.

"बघ बरं, कसं दिसतंय?"

तिच्या एका खांद्यावर एक बाळ रडत होतं, दुसरं पलीकडे रडायच्या तयारीत होतं. "छानच दिसतंय हो!" ती म्हणाली. दिसणारच. फोनचा कॅमेरा मोठा मनमिळाऊ असतो. समोरचा रंग जरा कमी पडला की तो आपल्या पदरची भर घालतो. हे झगमगरावांना धंद्यापायी पाठ होतं, दहा जणांना त्यांनी ते ऐकवलं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते.

दिवे लागले आणि खरोखरच गिऱ्हाईक दाराशी जायचं थांबलं. लोक खणासमोर उभे राहत, बोट दाखवत, घेऊन जात. झगमगराव समोरच्या फुटपाथवरून काचेतून बघत आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी देत.

एके दिवशी सकाळी लोकरवाल्या बाईंचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता या."

दुकानात एक आजोबा उभे होते. निवृत्त बस ड्रायव्हर. स्टिअरिंग सुटल्यावर हातांना काम हवं म्हणून विणायला शिकलेले, आणि आता भल्याभल्या विणकरणींना टाके मोजून दाखवणारे. काउंटरवर त्यांनी स्वेटर पसरला होता.

"आमच्या हिच्यासाठी विणला," आजोबा म्हणाले. "संध्याकाळचा विणत बसायचो, घरातल्या दिव्यात काही कळलं नाही. काल ती घालून अंगणात आली, तर ही बाही मरून आणि ही चक्क चॉकलेटी! म्हणाली, या बाह्या दोन घरच्या वाटतात. चार माणसांत हसली हो माझ्या विणकामाला!"

"आणि गुंडा मी मरूनच्याच खणातून काढून दिलाय," लोकरवाल्या बाई म्हणाल्या. "म्हणजे लोकरीच्या गिरणीने रंग चुकवला. इतक्या वर्षांचे संबंध आहेत, पण आज मी त्यांना सोडणार नाही. झगमगराव, तुम्ही रंगातले माणूस. तुम्ही बघा आणि सांगा, मग मी फोन लावते."

झगमगरावांनी बघितलं. उजवी बाही बघितली, डावी बघितली. स्वेटर उलटा करून बघितला. दोन्ही बाह्या सारख्याच होत्या, अगदी सख्ख्या.

त्यांना काय झालं असणार ते लख्ख कळलं. डावी भिंत. थैलीतले दिवे. त्या उजेडात बाईंनीच चॉकलेटी गुंडे मरूनच्या खणात रचले असणार. आणि 'हो, गिरणीचीच चूक' एवढं म्हटलं की सुटले! बाईंनी फोन हातात घेतलाच होता. मूठ झाकलेली राहिली असती, पण तिच्यात आता दुसऱ्याची मान होती.

"बाई, फोन ठेवा," ते म्हणाले. "चूक माझ्या दिव्यांची आहे. आणि मला... मला या बाह्यांमधला फरक दिसत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसतच नाही. लाल, हिरवा, तपकिरी, सगळं एकच. लहानपणापासून."

आजोबांनी एक बाही वर केली. "ही?"

"स्वेटरसारखी."

"आणि ही?"

"तीही स्वेटरसारखीच."

आजोबा जे हसायला लागले ते काउंटर धरून खालीच बसले. "अहो, तुम्ही आमच्या घरी या! माझ्या कामाची तारीफ करणारं कोणीतरी निघालं!"

लोकरवाल्या बाई मात्र हसल्या नाहीत. "आणि मला तोंड वर करून रंगाचे मार्क सांगत होतात!"

"मार्क खरे आहेत, बाई. फक्त तपासणारी गावाला गेलीय."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग पदर खोचला. "मग उभे काय राहिलात? शिडी आणा. आजोबा, उठा. तुम्हाला दिसतं ना? घ्या हा गुंडा."

झगमगराव शिडीवर, आणि खाली आजोबा उजवीकडून मरून गुंडा हातात धरून डाव्या भिंतीला लागून हळूहळू निघाले, गर्दीतून बस काढावी तसे. "मरून... मरून... मरून... थांबा! इथे चॉकलेटी!" झगमगराव तो दिवा काढत, चांगला लावत. "आता?" "आता मरून! चला पुढे!" दोन गिऱ्हाइकं आली तीही यात सामील झाली. एकीने हिरवा गुंडा घेतला, दुसरीने गुलाबी, आणि सगळे मिळून भिंतीवर ओरडू लागले. रंग कसा दिसतोय हे इतक्या मोठ्याने विचारायची झगमगरावांची ही पहिलीच वेळ. शिडीवरून उतरले तेव्हा घामाघूम झाले होते, पण अंगावरून गोणी उतरल्यासारखं त्यांना हलकं वाटत होतं.

लोकरवाल्या बाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुपारपर्यंत बाजारभर झालं. चपलांच्या दुकानदाराने पाय पुढे करून विचारलं, "सांगा, बूट कोणत्या रंगाचे?" झगमगराव म्हणाले, "चोरीचे." सगळे हसले, हेही हसले. मग तोच दुकानदार म्हणाला, "उद्या माझ्या शोकेसचं बघायला या. रंग मी सांगतो, दिवा तुम्ही बसवा." बेकरीवाल्यानेही बोलावलं.

घरी येऊन त्यांनी बायकोला फोन लावला. पंख्याखाली बसून घसा साफ केला.

"अगं, तुला एक सांगायचंय. मला लाल आणि हिरवा ओळखू येत नाही."

पलीकडे एक बाळ रडत होतं. "बरं," बायको म्हणाली. "आणि?"

"आणि काय? एवढी मोठी गोष्ट सांगतोय मी!"

"अहो, लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही कच्चे टोमॅटो घेऊन आलात आणि वर म्हणालात, लालबुंद बघून आणलेत. मला तेव्हापासून माहीत आहे."

झगमगराव गार पडले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या रुबाबात माझी परीक्षा घ्यायचात. मोडवेना." मग तिला डाव्या भिंतीचं सगळं सांगितल्यावर तिचा आवाज उतरला. "मला वाटलंच होतं. म्हणून तर मी कुठे राहायला जात नसे. आई बोलवायची, बहीण बोलवायची. म्हटलं, मी गेले आणि तुमचा एखाद्या दुकानात घोळ झाला तर? या वेळी गेले आणि झालाच. मी उद्याच्या बसने येते."

हिला माहेरची ओढच नाही, असं झगमगराव आजवर चारचौघांत कौतुकाने सांगत आले होते. त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"येऊ नकोस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आता बाजाराला सगळं माहीत आहे. कोणालाही विचारता येतं. आजोबा उद्या बेकरीत येतायत माझ्याबरोबर."

"त्या आजोबांना मोतीबिंदू तर नाही ना? नीट विचारून घ्या."

"विचारलंय. तू राहा. चांगली महिनाभर राहा."

बायकोचा आवाज आला, शाळेच्या सहलीला जाऊ का असं विचारणाऱ्या मुलीसारखा. "दोन महिने राहू?"

दोन महिने फार होते. घर आत्ताच खायला उठलं होतं. तरी झगमगराव म्हणाले, "राहा."