आठ महिन्यांपूर्वीच गेलेलं घर

त्यांचं खरं आडनाव ऑफिसच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची तसदी कुणी घेतली नाही. कमरेला वीस-पंचवीस किल्ल्यांचा जुडगा लटकवून फिरायचे, म्हणून अख्खा बाजार त्यांना किल्लीकर म्हणायचा. पुढे पुढे तर त्यांच्या नावाने पत्रंही तशीच यायला लागली आणि पोस्टमन ती बिनचूक आणून द्यायचा.

तीस वर्षं ते घरं दाखवत आले होते. दलाल म्हणा, एजंट म्हणा, त्यांना दोन्ही चालायचं. पहिली वीस वर्षं सगळा कारभार तोंडी. कुणाची बदली झाली, कुणाच्या मुलाला वेगळं बिऱ्हाड करायचंय, कुठल्या आजोबांना आता जिने झेपत नाहीत, हे इस्त्रीवाल्याकडून नाहीतर प्लंबरकडून आपसूक कानावर यायचं. ऑफिस म्हणजे दहा बाय आठची खोली. पुढच्या काचेवर आतून हाताने लिहिलेली कार्डं चिकटवलेली. घर गेलं की कार्ड ओढून काढायचं, आणि काचेवर राहिलेला गोंदाचा डाग बायको ब्लेडने खरवडायची.

मग घरांच्या जाहिरातींची ती मोठी साइट आली. किल्लीकरांनी बरीच वर्षं तिच्याकडे पाठ फिरवली. शेवटी साइटची एक मुलगी ऑफिसात येऊन बसली आणि म्हणाली, "काका, लोक आता रस्त्यावर घर शोधत नाहीत. अंथरुणात पडल्या पडल्या शोधतात. तुम्ही तिथे दिसला नाहीत तर तुम्ही नाहीच." हे त्यांना लागलं. महिन्याभरात त्यांनी नाव नोंदवलं, बायको संगणकावर बसायला शिकली आणि काचेवरची कार्डं उतरली.

त्या मुलीने काही लबाडी शिकवली नाही, हे सांगायला हवं. ती एवढंच म्हणाली होती, की ज्याच्या जाहिराती जास्त आणि ज्याला फोन जास्त, तो यादीत वर दिसतो. बाकीचं किल्लीकर इतर एजंटांकडे बघून शिकले. चांगलं घर गेलं तरी जाहिरात काढायची नाही. फोन येऊ द्यायचे. माणूस दारात आला की चेहरा पाडून म्हणायचं, "अहो, काय सांगू, कालच गेलं! पण तसंच दुसरं आहे माझ्याकडे, चला." पहिल्यांदा हे वाक्य बोलताना त्यांची जीभ अडखळली होती. दहाव्यांदा अडखळली नाही.

या कामाला सगळ्यात उपयोगी पडलं ते एक तळमजल्याचं घर. मालकाने आपल्या आईसाठी ते मुद्दाम बदलून घेतलं होतं. पायरीच्या जागी सिमेंटचा उतार, रुंद दारं, न्हाणीघरात धरायला दांडे. आई गेल्यावर मालकाने घर भाड्याने द्यायला काढलं. किल्लीकरांनी स्वतः सकाळच्या उन्हात त्याचे फोटो काढले, आणि ते इतके सुंदर आले की बायको म्हणाली, "आपणच जाऊ या का राहायला?" दोन आठवड्यांत ते घर एका निवृत्त नर्सबाईंनी घेतलं. बाई एकट्याच, चाळीस वर्षं हॉस्पिटलात काढलेल्या, त्यामुळे सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. घर गेलं, जाहिरात राहिली. दर सोमवारी साइट विचारायची, हे घर अजून उपलब्ध आहे का? आणि दर सोमवारी बायको 'होय' वर टिचकी मारायची.

असे आठ महिने गेले. मग एक फोन आला.

"दार किती रुंद आहे हो?" एका बाईचा आवाज.

"छत्तीस इंच," किल्लीकर म्हणाले. खरंच तेवढं होतं.

"आणि उतार संपतो तिथे, दाराशी उंबरा वगैरे?"

"काही नाही. सरळ आत. या तुम्ही, दाखवतो."

शनिवारी अकराच्या सुमाराला ऑफिससमोर गाडी थांबली. भाड्याची गाडी, दुसऱ्या गावाहून चार तासांचा प्रवास करून आलेली. एका उंच, वाकलेल्या माणसाने मागून चाकांची खुर्ची काढली, उघडली, आणि पुढच्या सीटवरच्या बायकोला दोन्ही हातांनी उचलून खुर्चीत बसवलं. बाई पन्नाशीच्या. शिवणकाम करायच्या, दोन वर्षांपूर्वीच्या आजाराने पाय गेले, पण गळ्यातली टेप सवयीने तशीच राहिली होती. त्यांच्या मांडीवर एक कागद होता. त्यावर त्या घराचा फोटो छापून घेतलेला आणि कडेने पेन्सिलीने लिहिलेलं: मशीन इथे, कपाट इथे.

तो कागद किल्लीकरांनी बघितला. पण तोंडाला वळण पडलं होतं. चेहरा आपोआप पडला आणि वाक्य बाहेर आलं, "अहो, काय सांगू, कालच गेलं! पण तसंच दुसरं आहे माझ्याकडे."

बाईंनी कागदाची घडी घातली. "जाऊ दे. आपलं नशीब," त्या म्हणाल्या. "दुसरं आहे म्हणता?"

दुसरं चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत दोन पायऱ्या. नवऱ्याने आणि वॉचमनने मिळून खुर्ची वर चढवली. बाईंनी टेप काढून लिफ्टच्या दाराला लावली, मग खुर्चीला लावली. दार सव्वीस, खुर्ची सत्तावीस.

"मी उचलून नेतो ना तुला," नवरा म्हणाला.

"आणि रोज भाजी आणायला? तेव्हाही उचलणार?" त्या हसल्या. किल्लीकरांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, ते गेलेलं घर बाहेरून तरी दाखवाल का? उतार किती लांबीचा केलाय तेवढं मोजून घेते. कुठलंही घर मिळालं तरी तसाच करून घेऊ."

यावर नाही कसं म्हणायचं? रस्ताभर किल्लीकर मनात म्हणत होते, सिस्टर घरात नसू देत. निदान झोपलेल्या असू देत.

सिस्टर खिडकीतच होत्या. खुर्ची फाटकाशी आली तशी त्यांनी बेल वाजायची वाट न बघता दार उघडलं. थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "या. बघून घ्या. न्हाणीघर डावीकडे."

"नाही, आम्ही फक्त..." नवरा गोंधळला.

"संकोच करू नका. तुम्ही काही पहिले नाही, अकरावे आहात. फोटोत घराचा नंबर दिसतो ना, लोक थेट येतात." मग त्यांना मागे उभे असलेले किल्लीकर दिसले. त्यांचा स्वर एकदम वेगळा झाला. "बरं झालं, आज तुम्हीच आलात. मालकांना सांगा, मी अडवणार नाही. पण एक महिना आधी कळवा. या वयात मला घाईने सामान हलवता येत नाही."

उघड्या दारातून खोली दिसत होती. भिंतीला खोकी लावलेली होती, दोरीने बांधलेली, वर शाईने लिहिलेलं: भांडी, पुस्तकं, स्वेटर. टेबलावर एक ताट, एक वाटी, एक पेला. आठ महिने राहत्या घराला अजून एकही चित्र लागलेलं नव्हतं.

"कालच गेलं ना हे घर?" शिवणवाल्या बाईंनी हळूच विचारलं.

"काल?" सिस्टर म्हणाल्या. "मी गेल्या वर्षापासून राहतेय. जाहिरात मात्र रोज असते. आधी वाटलं चूक असेल. मग लोक यायला लागले. म्हटलं, मालकांना मी नको झाले असणार, तोंडावर सांगत नाहीत एवढंच."

"मग विचारायचं तरी," किल्लीकर कसेबसे म्हणाले.

"विचारलं असतं आणि तुम्ही 'हो' म्हणाला असतात तर?"

किल्लीकरांनी मान खाली घातली. सांगण्यासारखं बरंच होतं: सगळेच करतात, साइटवर टिकायचं तर करावं लागतं, कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. यातलं एकही वाक्य त्या खोक्यांसमोर उभं राहिलं नसतं. ते एवढंच म्हणाले, "मालकांचा काही दोष नाही. त्यांना माहीतही नाही. जाहिरात मीच ठेवली. फोन यावेत म्हणून."

कुणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं, असं त्यांना वाटलं. सिस्टरनी त्यांच्याकडे नीट बघितलं, एखादा पेशंट खोटं बोलल्याचं कळल्यावर बघावं तसं, आणि मग बाईंना म्हणाल्या, "तुम्ही आत या. ऊन लागतंय." खुर्ची उतारावरून सरळ आत गेली. न अडखळता, एका दमात. बाईंनी सगळीकडे टेप लावली, सिस्टरनी आकडे लिहून दिले, चहा झाला. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत राहिला. नवऱ्यालाही आत बोलावलं. किल्लीकर फाटकाशी उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

निघताना नवरा त्यांच्याजवळ थांबला. "साइटवर खोट्या जाहिराती असतात, ते माहीत होतं आम्हाला," तो म्हणाला. "म्हणूनच हिने आधी फोन केला. म्हटलं, फोनवर माणूस असतो."

घरी येऊन किल्लीकरांनी बायकोला सगळं सांगितलं. एकही शब्द न गाळता. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. "दर सोमवारी टिचकी मी मारत होते," ती म्हणाली.

"मी सांगत होतो म्हणून."

"तुम्ही सांगत होता, पण बोट माझं होतं ना?"

दोघं संगणकासमोर बसले. चौसष्ट जाहिराती होत्या. एकेक उघडून बघायला लागले. खरोखर रिकामी घरं सतरा निघाली. एक इमारत तर पाडून झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सिस्टरकडे गेले. रात्रीच मालकाकडून पत्र लिहून घेतलं होतं, की घर हवं तितकी वर्षं तुमचंच. सिस्टरनी पत्र दोनदा वाचलं. किल्लीकर म्हणाले, "खोकी सोडायला मदत करू का?"

"नको," सिस्टर म्हणाल्या. "माझी मी सोडीन. तुम्ही या आता." त्यांनी दार आपटलं नाही, नीट लावून घेतलं.

त्या रागात, म्हणजे स्वतःवरच्या रागात, किल्लीकरांनी साइटच सोडली. "सगळ्याचं मूळ तिथे आहे," असं ते चहाच्या टपरीवर मोठ्याने सांगायला लागले. "आम्ही माणसं ओळखून धंदा केला. आम्हाला कसली साइट लागते?" शेजारचा एजंट, ज्याला सगळे शेठ म्हणायचे, तो म्हणाला, "किल्लीकर, उगाच साधूचा आव आणू नका. फोन वाजायचा बंद झाला की याल परत." साइटच्या मुलीचाही फोन आला. "काका, काही चुकलं का आमचं?" ती काळजीने विचारत होती, आणि त्यांनी "नंतर बोलतो" म्हणून फोन ठेवून दिला.

त्यांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप खिशात टाकली आणि शिवणवाल्या बाईंसाठी तळमजला शोधत पायी हिंडायला सुरुवात केली. जुनी माणसं गाठायला गेले. इस्त्रीवाला गावी परतला होता. प्लंबरच्या जागी त्याचा जावई होता, तो म्हणाला, "काका, मलाही कामं फोनवरच येतात. कोण कुठे राहतं, मला नाही माहीत." ज्या ओळखींवर त्यांनी टपरीवर भाषण ठोकलं होतं, त्या कधीच विरून गेल्या होत्या, आणि त्या जपायचं त्यांनीच सोडून दिलं होतं. तरी ते फिरत राहिले. पाचव्या आठवड्यात एक तळमजला सापडला. दार चौतीस इंच, एकच पायरी, उतार करायला मालक तयार. किल्लीकरांनी गल्लीत उभ्याउभ्याच बाईंच्या नवऱ्याला फोन लावला.

"अरे वा, आभारी आहे," नवरा म्हणाला, अगदी सौजन्याने. "पण मिळालं आम्हाला. पंधरा दिवस झाले."

"कुठे?"

"त्याच साइटवर. एका बाई एजंटने दारांची मापंसुद्धा लिहिली होती. फोन केला, तर म्हणाल्या, मी आत्ताच जाऊन पुन्हा मोजते आणि मग कळवते. तासाभरात कळवलं." थोडं थांबून तो म्हणाला, "हिने सिस्टरना घर बघायला बोलावलंय. मैत्री झालीये दोघींची."

किल्लीकरांनी "छान, छान" म्हटलं. फोन ठेवून ते घराकडे निघाले. ज्या साइटला ते पाच आठवडे शिव्या देत होते, तिच्यावरच एका बाईने आपलं काम सरळपणे केलं होतं. त्यांनाही ते करता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं.

बायकोला सांगितलं, तर ती इतकंच म्हणाली, "मग? जाहिराती भरू का परत?"

"भर. पण आहेत तेवढीच."

आता त्यांच्या नावावर चौदा-पंधरा घरं असतात, कधी नऊ. यादीत ते तिसऱ्या पानावर दिसतात. फोन कमी येतात. पण येतात त्यातले निम्मे लोक घर बघितलं की घेतातच. गेलेलं घर त्याच दिवशी निघतं, आणि सोमवारच्या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधी बायको विचारते, "बघून आलात?" मध्यंतरी एक गिऱ्हाईक म्हणालं, "दारांची मापं लिहिता, फार छान सुचलं हो तुम्हाला." शेठही तिथेच होता. किल्लीकरांनी ते हसून स्वीकारलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांचा चेहरा लाल झाला. "मला नाही सुचलं," ते म्हणाले, आणि किल्ली शोधायच्या निमित्ताने पाठ वळवून उभे राहिले.