इंदूवहिनींनी बंद केलेला डबा

इंदूवहिनी रागावल्या की आवाज चढवत नसत. हातातले काम थांबवत. तांदूळ निवडता निवडता त्यांनी सूप खाली ठेवले की आमच्या चिंचपोकळीच्या चाळीचा तिसरा मजला सावध होई.

गेल्या महिन्यात त्या वारल्या. शोकसभेत चाळीचे चिटणीस म्हणाले, "पत्नीच्या निधनाने खचलेल्या आमच्या भाऊंना या माउलीने वर्षभर जेवू घातले, म्हणून ते सावरले." मी तेथेच उठून हरकत घेतली. वर्षभर नव्हे, चार महिने. आणि मी सावरलो तो जेवू घातल्यामुळे नव्हे, जेवण बंद केल्यामुळे. मृतांविषयी चांगले बोलावे हे मला मान्य आहे. खोटे बोलावे हे नाही.

घडले ते असे. बायको गेल्यावर मी गॅलरीतल्या खुर्चीत बसलो तो बसलोच. जिना उतरलो नाही, दाढी केली नाही. लोक त्याला दुःख म्हणतात. दुःख होतेच, पण खरी गोष्ट अशी की, उठून कोठे जावे असे ठिकाणच मला उरले नव्हते. दोन्ही वेळा शेजारून इंदूवहिनींचा डबा येई आणि तो रिकामा करण्यापलीकडे माझ्या दिवसाला काम नसे. एकदा मी म्हणालो, "वहिनी, आज भात गिच्च झालाय." त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या हाताने आल्या.

"भावोजी, डबो बंद. आजपासून तुमचा तुमी बघा."

"म्हणजे मी उपाशी मरायचं?"

"मरतलो माणूस इतक्या जोरान भांडत नाय," एवढे बोलून त्या गेल्यासुद्धा.

दोन दिवस मी हट्टाने चहा-बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी कुकर लावला. भात तळाला लागला. तो मी खरवडून खाल्ला. आठवड्याने तांदूळ संपले, म्हणून जिना उतरलो. यात कोणाचा उपदेश नव्हता, की कोणाची सहानुभूती नव्हती.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मला मसाल्याच्या मिरच्या घ्यायला लालबागला नेले. आमच्याकडे प्रत्येक घराच्या मसाल्याचे प्रमाण वेगळे. माझ्या बायकोचे प्रमाण वहिनींना पक्के ठाऊक होते, पण विचारले की म्हणत, "माका नको, तुमच्या जिभेक इचारा." मिरच्या आधी गच्चीवर कडक उन्हात वाळवा, असे त्यांनी दोनदा बजावले. मी शहाणपणा केला आणि सकाळी घेतलेल्या मिरच्या दुपारीच डंकावर कुटून आणल्या. श्रावणात बरणीत बुरशी धरली. आता या मला हिणवणार, अशा तयारीने मी उत्तर जुळवून बसलो होतो. त्यांनी बरणीत डोकावून पाहिले.

"टाकून द्या. फुडल्या वर्साक परत करूया."

बायको गेल्यापासून माझ्या घरात पुढच्या वर्षाचा उल्लेख प्रथमच होत होता. मी बरणी रिकामी करायला उठलो.

हे सारे मी सभेत सांगितले आणि शेवटी ठासून म्हणालो, "ती कठोर बाई होती. त्या कठोरपणाने मला वाचवले." चिटणीसांनी सभा आटोपती घेतली. वाद जिंकल्याचे समाधान मी लपवले नाही.

सभा पांगल्यावर वहिनींचा नवरा दत्ताराम जवळ आला. आम्ही एका गिरणीत तीस वर्षे काढलेली माणसे. सतरंजीची घडी घालता घालता तो म्हणाला, "भाऊ, तू बोललस ता बरोबर. पण ते दोन दिस ती पण जेवूक नाय."

"कोण? वहिनी?"

"मग कोण? भितीक कान लावन बसलेली. मी वराडलंय, तर माकाच गप केल्यान. तिसऱ्या दिवशी तुझ्या कुकराची शिट्टी झाली, तेवा म्हणाली, वाढा माका."

घडीचे दुसरे टोक मी हातात घेतले. भर सभेत, सर्वांसमक्ष, मी त्यांना कठोर म्हणालो होतो. तो शब्द मी येथे लेखी परत घेतो.