कापलेल्या मक्याचा श्वास

जोतीराम तात्यांचा आवाज काढायचा तर गालात सुपारी असल्यासारखी जीभ ठेवायची आणि वाक्याचं शेपूट विहिरीत बादली सोडावी तसं खाली सोडायचं. "आरं, कापला म्हंजी मेला असं न्हाय. मक्याला अजून ठावंच न्हाय." वडगाव निंबाळकरात हे सगळ्यांना पाठ आहे.

तात्या मुरघास तुडवतात. मशीन हिरवा मका बारीक कापून त्याची कुट्टी खड्ड्यात फेकतं, तात्या अनवाणी ती दाबत फिरतात. हवा निघून गेली की चारा आंबूस होऊन टिकतो. हल्ली लोक ट्रॅक्टर फिरवतात. आमचा खड्डा अरुंद आणि खोल, म्हणून तात्याच.

कुट्टीत कोपरापर्यंत हात घालून ते डोळे मिटायचे. "ऊन लागतोय. श्वास घेतोय त्यो."

"मला ताप आला तवा कपाळाला बोट न्हाय लावलं!" नकोशी काकी म्हणजे त्यांची बायको, तिचा आवाज काढायला श्वासच पुरत नाही.

सगळे हसायचे. पण आपण हात घातला की हसू थांबायचं. आत अंगासारखी ऊब. पानांचे तुकडे झालेले, तरी त्यांतल्या पेशी आपली साखर जाळत बसलेल्या, हवा आहे तोवर.

यंदा खड्डा अर्धा भरला आणि मशीनचं पातं तुटलं. नवं बारामतीहून दुसऱ्या दिवशी येणार होतं. "उघडा ठिवला तर सडंल," म्हणत तात्यांनी ताडपत्री घट्ट बांधली.

सकाळी पातं बसवलं, ताडपत्री काढली. वारा खड्ड्यात उतरतच नव्हता. एक माशी खाली गेली, ती वर आलीच नाही. तात्या शिडीनं उतरले, थोडं चालले, थांबले. मग पाहुण्यांच्या घरी बसावं तसे सावकाश खाली बसले आणि कुशीवर कलंडले.

"अवं, नाटकं पुरं!" काकी वरून ओरडली.

काकीनं शिडीवर पाय टाकला, तसा माझ्या आईनं तिचा पदर धरला.

"थांब नकोशे! खाली हवा न्हाय. मक्यानं रातभर वढलीया."

"सोडा वयनी, माझा मानूस हाय त्यो!"

"म्हणूनच थांब."

आईनं मशीनच्या कुट्टी फेकणाऱ्या नळ्याचं तोंड खड्ड्यात वळवलं आणि मशीनला जोडलेला ट्रॅक्टर चालू केला. मक्याशिवाय नुसता वारा धडधडत खाली सुटला. कुट्टी उडाली, तात्यांचा सदरा फुगला. तो सदरा हलतोय की तात्या, कळेना. खोकला ऐकू आला तेव्हाच आईनं काकीच्या कमरेला दोर बांधून तिला खाली सोडलं. काकीनं तात्यांना कवटाळलं आणि शेजारच्या गोठ्यातून धावत आलेल्या माणसांनी दोघांना वर ओढलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "पोटात कितीही भाकरी असू द्या, हवा मिळाली नाही तर पेशी ती जाळणार कशानं? मेंदू आधी विझतो."

तात्यांनी नाकावरचा मास्क बाजूला केला.

"आगं, तितं लई गर्दी व्हती. समदी मिळून वढत व्हती. मी बी त्यांच्यातच बसलो."

"कुनाची गर्दी?" काकीनं विचारलं.

तात्यांनी हसून सदऱ्याला चिकटलेली कुट्टी दाखवली. काकीनं मास्क परत त्यांच्या नाकावर दाबला आणि हात काढलाच नाही.

"बोलू नगा. नुसता श्वास घ्या."